पाड्यावर बारा मिलीमीटरचं छत जमेल का?

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. पेठ तालुक्यातल्या पाड्यावर मुलांच्या अभ्यासिकेसाठी सहा बाय सहा मीटरची खोली करायची आहे, आधीचा पत्रा दोनदा उडाला, स्लॅबचे पैसे नाहीत आणि खडी-सिमेंटची गाडी वरपर्यंत येत नाही, म्हणून तुम्ही व्हिडिओत पाहिलेलं, जाळीवर सिमेंट थापून केलेलं खोगिरासारखं वळणदार पातळ छत नाशिकच्या गवंड्यांकडून करून घेता येईल का. जमतं. मी सातपूरला राहून फेरोसिमेंटचं, म्हणजे जाळीवर सिमेंट थापायचंच काम करतो, टाक्या जास्त आणि छतं कमी, पण छतंही केलीत. फक्त लोक ज्या गोष्टीला घाबरतात ती यात सोपी असते आणि जिच्याकडे बघत नाहीत तिथेच छत जातं, म्हणून जरा लांबण लावून सांगतो.

आधी आकार, कारण सगळा जीव त्यात आहे. चार काठ्यांची चौकट बांधा, समोरासमोरचे दोन कोपरे वीतभर वर उचला आणि एका काठीवरून समोरच्या काठीवर सरळ दोरे ओढत जा, मग उरलेल्या दोन काठ्यांवरूनही तसेच. प्रत्येक दोरा सरळ आहे पण सगळे मिळून पृष्ठभाग वळलेला दिसतो, एका कर्णावर घुमटासारखा आणि दुसऱ्या कर्णावर झोळीसारखा. याला हायपर म्हणतात, हायपरबोलिक पॅराबोलॉइड. हे मुलांना करायला द्या, अर्ध्या तासात त्यांना कळतं आणि मिस्त्रीलाही कागदावरच्या ड्रॉइंगपेक्षा लवकर कळतं, मी प्रत्येक साइटवर पहिल्या दिवशी हेच करतो. वळणदार छत सरळ बांबूंनी उभं राहतं हा याचा मोठा फायदा, कारण पातळ छताचा खर्च सिमेंटमध्ये नसतो, सेंट्रिंगमध्ये, म्हणजे माल कडक होईपर्यंत खाली धरायच्या साच्यात असतो. मेक्सिकोत वास्तुविशारद फेलिक्स कांदेला यांनी १९५१ मध्ये विद्यापीठातल्या एका प्रयोगशाळेवर जे छत टाकलं ते सगळ्यात पातळ जागी जेमतेम दीड सेंटीमीटर होतं, १९५८ चं सोचिमिल्कोचं रेस्टॉरंट चारेक सेंटीमीटर, पण तिकडे मजुरी वाढली तशी लाकडी सेंट्रिंग परवडेना आणि अशी कामं कमी होत गेली. अमेरिकेत डेन्व्हरचे नगररचनाकार जॉर्ज नेझ आणि इंजिनिअर आल्बर्ट नॉट यांनी मग सेंट्रिंगच काढून टाकलं, लाकडी चौकटीवर फायबरची जाळी ताणून बसवायची आणि तिच्यावर लॅटेक्स, म्हणजे रबरासारखं चिकट द्रावण, घातलेलं सिमेंट थरावर थर लावायचं, गरीब वस्त्यांसाठी म्हणूनच. तुम्ही व्हिडिओत पाहिलंत ते याच कुळातलं.

हलकं छत का, यावर दोन शब्द. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीला जो भूकंप झाला त्यात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, आणि दगड-मातीच्या भिंतींवरची ती जाडजूड मातीची माळवदं झोपलेल्या माणसांवर आली हे त्याचं एक मोठं कारण. आपल्या शेजारी पालघरमध्ये २०१८ च्या नोव्हेंबरपासून धक्क्यांची मालिका चालू झाली होती, ते पेठपासून काही लांब नाही. म्हणून डोक्यावर वजन कमी हवं हे मला मनापासून वाटतं. आता तुमच्या खोलीचा हिशोब बघा. ३६ चौरस मीटरवर १२० मिमीचा स्लॅब म्हणजे सव्वाचार घनमीटरच्या वर काँक्रीट, पावणेअकरा टन वजन, तीस-पस्तीस बॅगा सिमेंट आणि तीन-साडेतीनशे किलो लोखंड. तेच १२ मिमीचं कवच उतार धरून साधारण साडेसदतीस चौरस मीटर होतं, माल अर्ध्या घनमीटरच्या आत, वजन ११०० किलोच्या आसपास आणि सिमेंट वाया जाणारं धरून आठेक बॅगा. आठ बॅगा डोक्यावरूनही पाड्यावर नेता येतात.

तुमच्यासाठी मी चार तुकड्यांचं छत सुचवतो. खोलीचे चार चौकोन करा, प्रत्येक तीन बाय तीनचा. मधला बिंदू आणि चारही बाजूंचे मध्य एकाच उंचीवर, आणि खोलीचे चार कोपरे त्याच्या एक मीटर खाली. म्हणजे वर अधिक चिन्हासारखे आडवे कणे येतात आणि चारही बाजूंनी उतरत्या कडा कोपऱ्यांवर टेकतात. बाहेरून बघितलं तर प्रत्येक भिंतीवर एक त्रिकोण दिसतो. छत फक्त चार खांबांवर उभं राहतं, भिंतींवर त्याचा भार नाही, त्यामुळे भिंती तुमच्या कुडाच्या असल्या तरी चालतात.

आता ताकद. स्वतःचं वजन आणि वरचा भार मिळून चौरस मीटरला शंभर-एकशेपाच किलो धरा. या आकारात कवचामध्ये येणारा ताण प्रति चौरस मिलीमीटर ०.४ न्यूटनच्या जवळपास निघतो, एका कर्णाच्या दिशेने दाब आणि दुसऱ्या कर्णाच्या दिशेने तेवढाच ओढ. चांगल्या मालाची दाब सोसायची ताकद पंचवीसच्या पुढे असते, म्हणजे दाबाची काळजीच नाही, आणि ओढीसाठी जाळी आहे. इतकं सोपं आहे कवच.

पण कवचातला हा सगळा जोर शेवटी कडांमधून कोपऱ्यावर जमा होतो आणि कोपऱ्याला बाहेर ढकलतो. या मापात प्रत्येक बाजूला साधारण १४ किलोन्यूटन, म्हणजे जवळपास दीड टन. तो धरायला एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत चारही बाजूंनी सळईचा टाय लागतो. हिशोबाने १० मिमीत भागतं, मी १२ मिमी टाकतो आणि गंजरोधक रंगाचे दोन हात देतो, कारण हे छत टायवरच उभं आहे. दिंडोरीकडे एका द्राक्षाच्या पॅकिंग शेडवर आम्ही पाच मीटरचं छत केलं होतं, दीड वर्षं उत्तम चाललं, मग एक दिवस क्रेट भरलेली पिकअप आत जाईना म्हणून त्यांच्या वेल्डरने समोरच्या बाजूचा टाय ग्राइंडरने कापला. त्याला वाटलं ही पडदा टांगायची सळई आहे. मला सकाळी फोन आला, जाऊन बघतो तर समोरचे दोन्ही खांब बोटभर बाहेर झुकलेले आणि कण्यावर मधोमध तडा, आत सुरीचं पातं जाईल एवढा. छत पडलं नव्हतं, बाकीच्या तीन टायांनी धरलं होतं. चारी कोपऱ्यांना टेकू दिले, दोन्ही बाजूंनी आकडे वेल्ड करून मध्ये टर्नबकल, म्हणजे फिरवून सळई आवळायचा पेच, बसवला आणि दिवसभर थोडं थोडं आवळत कोपरे परत आत घेतले, तडा खरवडून लॅटेक्सच्या मालाने भरला. तेव्हापासून मी टायला लाल रंग देतो आणि शेजारी भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवतो की ही सळई कापू नका. तुमच्याकडे तर मुलं लोंबकळणार, म्हणून टाय सव्वादोन मीटरच्या वरच घ्या.

दुसरी गोष्ट वारा. पत्रा दोनदा उडाला असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे जागा वाऱ्याची आहे. नाशिकसाठी आयएस कोडमध्ये, म्हणजे भारतीय मानकात, वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर आहे, त्याचा दाब चौरस मीटरला ९० किलोच्या वर जातो. टेकडीच्या माथ्यावर किंवा घाटाच्या कडेला असाल तर अजून जास्त. तुमचं छत चौरस मीटरला ३० किलो, चौकट धरून पस्तीस. म्हणजे वारा आतून शिरला आणि वरून खेचायला लागला तर जवळपास साठ किलोची उलटी खेच उरते, चार कोपऱ्यांत वाटली तर प्रत्येक कोपऱ्याला अर्धा टन. पत्र्यापेक्षा हे जड आहे म्हणून उडणार नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, ते उडू शकतं, आणि उडालं तर अख्खं उडेल. यासाठी कोपऱ्याची प्लेट खांबाच्या लोखंडाला वेल्ड किंवा नट-बोल्टने जोडायची, नुसती वर टेकवायची नाही, आणि खांबाखाली किमान ६० बाय ६० सेंटीमीटर आणि ९० सेंटीमीटर खोल काँक्रीटचा ठोकळा, त्याचं वजन पावणेआठशे किलो भरतं. पैसे कमी पडले तर खिडक्यांवर वाचवा पण या ठोकळ्यावर नको.

आता माल आणि जाळी, इथे आपल्या जिल्ह्यात काय मिळतं ते धरून बोलतो. जाळीसाठी दोन रस्ते आहेत. एक आपला ओळखीचा फेरोसिमेंटचा, पातळ वेल्डमेशच्या (वेल्ड केलेल्या चौकोनी तारजाळीच्या) दोन्ही अंगांना चिकन मेश (कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती बारीक तारजाळी), बाइंडिंग वायरने वीतवीतभर अंतरावर बांधून. दुसरा फायबरच्या जाळीचा, हलका आहे आणि गंजत नाही, पण साधा काचेचा धागा सिमेंटच्या क्षारात काही वर्षांत ठिसूळ होतो, झिर्कोनियावाला अल्कली-रेझिस्टंट फायबरच लागतो. प्लास्टरच्या सांध्यावर लावतात ती दुकानातली पांढरी-निळी जाळी नुसती वरून कोटिंग केलेली असते, तिच्यावर छत सोडू नका. सिमेंट पाण्यात ढवळून वरची निवळी घ्या, तिच्यात जाळीचा तुकडा महिनाभर बुडवून ठेवा आणि मग हाताने ओढून बघा, बरंच कळतं. माझं मत विचाराल तर पाड्यावरच्या पहिल्या छताला चिकन मेशच घ्या, गवंड्याच्या हाताला ती ओळखीची आहे, आणि चूक झाली तर दिसते.

जाळी ताणायला मात्र गवंडी बोलवू नका, द्राक्षबागेचा मांडव ओढणारी माणसं बोलवा. ओझर-पिंपळगावकडची ही पोरं तार कुठे किती ओढायची आणि कोपऱ्याला ताण कसा द्यायचा हे डोळे मिटून करतात, आमच्या पहिल्या चौकटीची जाळी दोघांनी एका सकाळी अशी ताणली की बोटाने टिचकी मारली तर आवाज यायचा. जाळीखाली माल गळू नये म्हणून आम्ही लासलगावच्या बाजारातून जुन्या कांद्याच्या तागाच्या गोण्या आणतो, उसवून, ओल्या करून, जाळीच्या खालून सुतळीने शिवतो. गोणपाटाला ताकदीच्या हिशोबात धरायचं नाही, ते नुसतं मालाला थोपवतं. सैल राहिलं तर मात्र तिथे पोट सुटतं, पोटात माल जमतो आणि १२ मिमीचं २५ मिमी होतं. प्लास्टिकची विणलेली गोणी घेऊ नका, माल तिला धरत नाही.

मालाला एकास दोन, म्हणजे एक भाग सिमेंटला दोन भाग वाळू धरा, पाणी सिमेंटच्या वजनाच्या ०.४ च्या आसपास. वाळू अडीच मिलीमीटरच्या चाळणीतून पडलेलीच. हल्ली नदीची वाळू सरळ मार्गाने मिळणं अवघड आहे, क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, चालते पण तिच्यातली भुकटी धुऊन घ्या, नाहीतर गवंडी माल मऊ करायला पाणी ओतत राहतो आणि तुम्ही तिथे नसता. थोडी फ्लाय अ‍ॅश घातली की क्रश सँडचा माल हाताला बरा लागतो, ही कोळशाची राख, एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रामुळे ती नाशिकला नवी नाही, पण पीपीसी सिमेंट घेतलं असेल तर त्यात ती आधीच असते, वर घालू नका.

लॅटेक्सबद्दल लोक फार गोंधळतात. त्यातलं घन पॉलिमर सिमेंटच्या वजनाच्या दहा टक्के तरी हवं, डब्यातल्या द्रावणात निम्म्याच्या आसपास पाणी असतं, म्हणजे एका बॅगेला जवळपास दहा लिटर, आणि त्यातलं पाणी मालाच्या पाण्यात मोजायचं. उन्हात राहणाऱ्या कामाला अ‍ॅक्रिलिक बरं, एसबीआर, म्हणजे कृत्रिम रबराचं लॅटेक्स, ऊन कमी सोसतं. पीव्हीएचं, म्हणजे पांढऱ्या गोंदासारखं द्रावण तर अजिबात नको, ते ओलं झालं की परत विरघळायला लागतं. आमच्या यार्डातला पहिला नमुना तसाच गेला होता, दुकानदाराने सगळं सारखंच म्हणून दिलं आणि मृगाच्या दुसऱ्या पावसात पृष्ठभाग ओल्या साबणासारखा बोटाला लागायला लागला. डब्यावर काय लिहिलंय ते स्वतः वाचून घ्या. आणि लॅटेक्सचं बजेट नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, साध्या फेरोसिमेंटचं छत चालतं, फक्त चौदा दिवस पाणी नीट मारायला लागतं. लॅटेक्सवाल्याला उलट आहे, एक-दोन दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवायचं आणि मग कोरडं होऊ द्यायचं, कारण कोरडं झाल्याशिवाय आतला पॉलिमर जोडला जात नाही. गवंड्याला हे पटत नाही, तो सवयीने दहा दिवस पाणी मारतो, त्याला समोर बसवून समजवा.

थर एकदम लावायचा नाही. पहिला हात फक्त सिमेंट, बारीक वाळू आणि लॅटेक्सचा, घट्ट ताकासारखा, चुन्याच्या कुंच्याने दोन्ही अंगांनी जाळीत घासायचा, दोन-तीन मिलीमीटर, आणि रात्रभर सोडायचा. सकाळी ते कवच पत्र्यासारखं कडक झालेलं असतं, त्याच्यावर मग खरा माल. एका दमात सगळा माल टाकला तर ओल्या वजनाने जाळी लोंबते, कडा आत ओढल्या जातात आणि आकारच बिघडतो, म्हणून चौकटीला तात्पुरते तिरपे बांबू बांधून ठेवा. जाडी बघायला खिळ्याला १२ मिमीवर रंगाची खूण करा आणि मालात टोचत चला, शेवटच्या थराच्या वेळी हे काम मी कुणावर सोडत नाही. हात नेहमी खालच्या कोपऱ्याकडून वर न्या, आणि एक तुकडा सुरू केला की तो त्याच दिवशी संपवा, मध्ये सांधा सोडू नका. एप्रिलमध्ये आपल्याकडे हवा इतकी कोरडी असते की अर्ध्या तासात साय धरते, म्हणून पहाटे सहा ते दहा आणि मग चारनंतर काम. जानेवारीच्या मध्याला सुरू करून मार्चअखेर मोकळं व्हायचं, मे महिन्यात घाई करून पावसाच्या तोंडावर थापलेलं छत मला नको वाटतं.

पाण्याचं सांगायचं राहिलं आणि पेठ-सुरगाण्याला ते सांगायलाच हवं. एका दिवसात १०० मिमी पाऊस झाला तर या छतावर ३६०० लिटर पाणी पडतं आणि ते सगळं चार कोपऱ्यांतून उतरतं, प्रत्येकी ९०० लिटर, बरोबर तिथे जिथे तुमच्या प्लेटा आणि टायची टोकं आहेत. कोपऱ्याला पाणी साचू देऊ नका, कवच हातभर पुढे काढून तिथे पन्हाळीची चोच करा, वेल्ड झाकून टाका, खाली दगडांचा खच किंवा सरळ टाकी. उन्हाळ्यात तुमच्याकडे बायका हंडे घेऊन किती लांब जातात ते मी पाहिलंय, त्यामुळे टाकी केलीत तर मला फार बरं वाटेल.

उकाडा मात्र खरा आहे. बारा मिलीमीटरचं सिमेंट मे महिन्यात पत्र्यापेक्षा थोडंच बरं असतं, पावसाचा आवाज तेवढा कमी येतो. वरून दरवर्षी चुन्याचा पांढरा हात द्या, चारही बाजूंच्या त्रिकोणात भिंत न घालता बांबूची जाळी बसवा म्हणजे वर चढलेली गरम हवा निघून जाते, आणि खालून वीतभर अंतर सोडून तट्ट्या लावा. वाऱ्याचा हिशोब मी हे त्रिकोण उघडे धरूनच वर सांगितलाय.

छत वापरायला काढण्याआधी भार देऊन बघा. गावात कुणाकडे तरी कांदा असतोच, पन्नास किलोच्या चोपन्न गोण्या म्हणजे २७०० किलो, चौरस मीटरला ७५ किलो झाले. चारही तुकड्यांवर सारख्या वाढवत चढवा, खाली टेकू दोन बोटं मोकळे ठेवून, आत कुणी उभं राहायचं नाही. आधी ओळंबा सोडून जमिनीवर खूण करा, चोवीस तासांनी किती खाली आलं आणि गोण्या काढल्यावर किती परत गेलं ते लिहून ठेवा. थापताना त्याच मालाचे चाचणीचे ठोकळे, म्हणजे क्यूब, पाडून ठेवा आणि ते कॉलेजच्या लॅबमध्ये दाबून घ्या. आणि हे सगळे आकडे सहा बाय सहाच्या खोलीचे अंदाज आहेत, तुमच्या जागेची माती आणि वारा बघून स्ट्रक्चरल इंजिनिअरने आयएस २२१० हे कवच-छतांचं भारतीय मानक धरून डिझाइन तपासून सही केल्याशिवाय मुलं आत बसवू नका. सरकारी निधी घेणार असाल तर एस्टिमेटमध्ये हा आयटम दरसूचीत सापडत नाही म्हणून फाइल अडते, ती बोलणी आधीच करून ठेवा, देणगीतून असेल तर हा त्रास नाही.

यंदा लगेच मोठं छत नको. दीड बाय दीड मीटरचा एक तुकडा करा, पाड्यावरच्या हातपंपावर चार खांबांवर बसवा, त्याच गवंड्याकडून, त्याच मालाचा. पूर्ण पावसाळा तो बाहेर राहू दे. दिवाळीनंतर हातोडीच्या दांड्याने सगळीकडे ठोकून बघा, कुठे पोकळ आवाज येतो तिथे खडूने गोल करा, कोपऱ्यांच्या प्लेटांवर तांबूस ओघळ आलाय का ते बघा आणि फोटो मला पाठवा, मग मी एक रविवार काढून वर येतो आणि जोत्याचे खड्डे कुठे घ्यायचे ते आपण जागेवरच ठरवू.